आधीं अडसर, मग पाना

दसऱ्याच्या दिवशीं करवीरच्या छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार पाहावयास आमचें कोल्हापूर लोटतें. माझ्या पुतण्याजवळही एक जुनी मोटार आहे, अगदीं साधी; तिच्या पोटाखालचें काम घरींच करतां यावें म्हणून त्यानें कात्रीसारख्या पात्यांवर चढणारी सिझर लिफ्ट घेतली आहे.

हिचें गणित शाळेंतलेंच आहे. तळाशीं आडवा रेटा मिळणाऱ्या कात्रीचीं पातीं जमिनीशीं 45 अंशांचा कोन करीत असतां भाराइतकाच रेटा पुरतो. 10 अंशांवर तो भाराच्या साडेपांच पटींहून अधिक लागतो. यंत्राला सारा ताण प्रारंभींच पडतो. माणसाला धोका मात्र मोटार वर गेल्यावर असतो.

परवां पुतण्या तिच्याखालीं शिरूं लागला. मीं विचारलें, "अडसर लावलास काय?"

"काका, दोन मिनिटांचें तर काम!"

मीं त्याचा हात धरला. मोटार तेलाच्या दाबावर चढते. नळी फुटली तर तो दाब क्षणांत जातो. अशा वेळीं खांचेंत बसलेला लोखंडी अडसरच भार तोलून धरतो. जमीनही सपाट व पक्की हवी. आणि टेकू मजबूत सांगाड्याला द्यावा, गंजलेल्या पत्र्याला नव्हे.

अडसर बसविला, मगच आम्हीं पाना हातीं घेतला. आपणही तोच क्रम पाळावा, ही विनंती.