मुहूर्तापासून उलटं मोजा

पत्रिकेवर मुहूर्त छापलेला असतो १२ वाजून २४ मिनिटांचा, आणि सव्वाबाराला नवरीच्या निऱ्या अजून नीट बसत नसतात. दिवस सकाळपासून पुढे आखला की असं होतं. तो मुहूर्तापासून मागे आखावा.

मंगलाष्टकांना दहा-पंधरा मिनिटं धरा. हौशी आत्या-काकू स्वतः रचून आणणार असतील तर वीस. अंतरपाट तितका आधी. त्याआधी नवरी गौरीहरापुढे बसते आणि तिथून मामा तिला बोहल्यावर आणतो. मामाला बजावून ठेवा, नेमका तेव्हाच तो गाडी लावायला गेलेला असतो! नऊवारी, अंबाडा, दागिने यांना दीड-दोन तास हवेतच. सीमांतपूजन आदल्या संध्याकाळी उरकलं तर सकाळ बरीच मोकळी होते.

पूर्वी मुहूर्ताची वेळ घटिकापात्र सांगायचं. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडत. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटं झाली. ‘जरा थांबा’ म्हटलं तरी वाटी थांबत नसे. आता फोटोग्राफर म्हणतो आणि सगळे थांबतात.

अक्षता पडल्या की पाहुणे पंगतीकडे वळतात. वधूवरांचे मात्र लाजाहोम, सप्तपदी बाकी असतात, आणि त्यांच्या पानावर वाढेपर्यंत तीन वाजतात. घरच्या रीतीत बसत असेल तर सकाळीच त्यांना दूध-केळं द्या. आणि कार्यालय किती वाजता रिकामं करायचं, ते पाठवणीची वेळ ठरवण्याआधी विचारून घ्या.