दोन माईकचं कार्ड



आपल्या शहापूर-मुरबाडकडे लग्नसराईच्या तोंडावर पोरांची एकच धांदल असते. हळदीचं नवं गाणं काढायचं, त्याचा व्हिडिओ करायचा, आणि हळद लागायच्या आत तो यूट्यूबवर चढवायचा. पूर्वी गाणं रेकॉर्ड करायचं म्हणजे कल्याण नाहीतर ठाणं गाठायचं, स्टुडिओचे तासावर पैसे मोजायचे आणि घड्याळाकडे बघत गायचं. आता लॅपटॉप घरात आला, माईकही परवडू लागला. अडतं ते मधल्या डब्यावर. त्याचं नाव ऑडिओ इंटरफेस, आपल्याकडे सगळे त्याला साउंड कार्ड किंवा नुसतं कार्ड म्हणतात. आज त्याच्याबद्दल बोलतो, कारण दुकानात विचारलं तर दुकानदार आधी खिसा बघतो.

माईकमधून येणारी वीज नाममात्र असते, काही मिलिव्होल्टची. कार्ड ती वाढवतं, तिचे आकडे करून लॅपटॉपला देतं, आणि उलट बाजूनं त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करून हेडफोनमध्ये सोडतं. काम एवढंच. ते नीट होतंय का, हे खोक्यावर छापलेल्या आकड्यांवरून फारसं कळत नाही. १९२ किलोहर्ट्‌झ असं ठळक छापलेलं असतं. माणसाच्या कानाची धाव २० हजार हर्ट्‌झपर्यंत, आणि ती टिपायला सेकंदाला ४४,१०० नमुने पुरतात. व्हिडिओसाठी ४८ हजारांवर रेकॉर्ड करा आणि पुढचं विसरा. २४ बिट मात्र हवं, आणि आज ते स्वस्तातल्या कार्डातही मिळतं.

आता किती माईकचं घ्यायचं? मंडळात सात-आठ जण, म्हणून आठ माईकचं, असा हिशोब सर्रास होतो. माझं म्हणणं, दोन माईकचं घ्या आणि उरलेले पैसे माईकवर आणि खोलीवर घाला. धवळ्यांचंच बघा. आगरी-कुणबी लग्नात धवळारणी ही गाणी गातात, वारल्यांकडे तर धवलेरीच लग्न लावते. एकीनं ओळ उचलायची, दुसरीनं ती झेलायची, आणि दोघी एकमेकींच्या श्वासावर चालतात. त्यांना वेगवेगळ्या माईकपुढे उभं करून कानाला हेडफोन लावला की गाणं तिथंच मरतं. त्यांना नेहमीसारखं शेजारी बसवा आणि समोर हातभर अंतरावर एक चांगला कंडेन्सर माईक ठेवा. दुसरा माईक थोडा मागे, खोलीच्या आवाजासाठी. कंडेन्सरला ४८ व्होल्ट लागतात, ते कार्डच पुरवतं. त्याचं बटण आहे ना, एवढं बघून घ्या.

आणखी एक. चाचणी घेताना धवळारीण आजी हळू गाते. पाव्हण्यांसमोर लाजल्यासारखं. तुम्ही त्या आवाजावर गेन, म्हणजे कार्डावरची आवाज वाढवायची पातळी, लावता, आणि तिसऱ्या कडव्याला ती अंगात आल्यासारखी गाते, की आवाज फाटलाच. फाटलेला आवाज नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरनं धड सांधता येत नाही. म्हणून गेन आधीच कमी ठेवा, वरचा टोकाचा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. २४ बिटचा खरा फायदा हाच: हळू रेकॉर्ड झालेलं नंतर वाढवलं तरी खरखर फारशी वर येत नाही.

बेंजोवाल्यांसाठी मात्र थोडं थांबून सांगतो, कारण आपल्याकडे बेंजो नाही तर हळद नाही. हे वाद्य मूळचं जपानचं, नागोया शहरात १९१२च्या सुमारास घडलेलं. इकडे येऊन त्याच्या तारांखाली गिटारसारखा पिकअप बसला आणि ते कच्छी ढोलाच्या जोडीनं वरातीत शिरलं. या पिकअपचा जीव लहान असतो. बोअरला पाणी थोडं आणि मोटार मोठी लावली तर काय होतं, तुम्हांला ठाऊक आहे. साध्या लाइन इनपुटात बेंजो खोचला की तसंच होतं: ते इनपुट जास्त ओढतं, पिकअप बसतो, आणि वरची सगळी चमक जाऊन बेंजो घोंगड्याखालून वाजल्यासारखा येतो. पोरं मग इक्वलायझरवर ट्रेबल चढवत बसतात. कार्डावर ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झेड’ लिहिलेलं बटण किंवा भोक असतं, ते साधारण दहा लाख ओहमचं असतं, ओढत नाही. बेंजो तिथंच लावायचा. ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड लाइनमध्ये चालतात, त्यांचा आवाज मुळातच दणकट.

फोकसराइट स्कारलेट, बेरिंगर, स्टाइनबर्ग, प्रिसोनस, या सगळ्यांची दोन इनपुटची कार्डं मिळतात. नावावरून भांडू नका. आपल्या भागात त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे कार्ड यूएसबीच्याच विजेवर चालतं का. वेगळा अडॅप्टर लागणारं कार्ड लाइट गेली की मुकं होतं, आणि लाइट कधी जाते ते मी सांगायला नको. यूएसबीवरचं कार्ड लॅपटॉपच्या बॅटरीवर चालू राहतं. चार्जर काढून टाका, मग जुन्या घराच्या कच्च्या अर्थिंगमुळे येणारी ती ५० हर्ट्‌झची घूं घूंही बहुतेक वेळा थांबते. मी तर लाइट असली तरी चार्जर काढूनच रेकॉर्ड करतो.

गायकाची एक तक्रार नेहमीची: “माझाच आवाज मला मागून येतोय.” लॅपटॉप आवाज तुकड्यातुकड्यांनी घेतो. २५६ नमुन्यांचा एक तुकडा म्हणजे साधारण पाच मिलिसेकंद, जाऊन-येऊन त्याच्या दुपटीहून जास्त, आणि लॅपटॉप जुना असेल तर विचारूच नका. भजनी बुवाला एवढं मागे-पुढे लगेच खटकतं, ताल त्याच्या अंगात असतो. यावर डायरेक्ट मॉनिटर हा उपाय. कार्डातल्या कार्डात आवाज सरळ हेडफोनला जातो, लॅपटॉपची वारी करत नाही. ही सोय नसलेलं कार्ड फुकट मिळालं तरी घेऊ नये.

खोलीबद्दल थोडक्यात. पत्र्याचं घर असेल तर जून ते सप्टेंबर रेकॉर्डिंग विसरा. शहापूरच्या पावसापुढे कुठलंही कार्ड टिकत नाही. कंडेन्सर माईक त्या दिवसांत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट डब्यात ठेवा, दमट हवेत तो चरचरायला लागतो. भिंतींना फोम लावायचा खर्च करू नका. पौषात म्हशाच्या यात्रेला जाताच, तिथून जाड घोंगड्या आणा आणि भिंतीपासून चार बोटं लांब टांगा. फोमपेक्षा सरस.

शेवटी, जुनं घेणाऱ्यांसाठी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि ओळखीपाळखीत जुनी कार्डं बरीच फिरतात, घ्यायला हरकत नाही. जाताना आपला लॅपटॉप, एक कंडेन्सर माईक, हेडफोन आणि बेंजोची पिन न्या. गेनची बटणं एकेक करून हळूहळू फिरवा, हेडफोनमध्ये खर्रखर्र आली तर ती आतून झिजलीत. ४८ व्होल्ट सुरू करून माईक खरंच बोलतो का ते बघा. यूएसबीची पिन लावून जरा हलवा. कनेक्शन तुटत असेल तर ते सोल्डर गावात कोणी धड करून देणार नाही. आणि कार्डासोबतचं सॉफ्टवेअर आधीच्या मालकाच्या नावावर नोंदलेलं असतं, तेव्हा ते आपल्या नावावर होतं का, हे पैसे देण्याआधी त्याच्याकडूनच पक्कं करून घ्या. नंतर तो फोन उचलत नाही.