घराला निळा रंग द्यायचाय? आधी हे ऐका

आज कोडिंग नाही, पॅकेज नाही, जॉब स्विच नाही. आज बोलायचंय भिंतीच्या रंगावर, त्यातही फक्त निळ्यावर. कारण माजलगावच्या आमच्या घरावर एक नवी खोली बांधून झालीये. वर्क फ्रॉम होमला मी तिथंच बसणार. रंग बाकी आहे आणि त्यावरून घरात रोज मीटिंग चालू आहे.

सुरुवात जुन्या गोष्टीपासून करू. दिवाळीच्या आधी भिंतींना चुना द्यायचे आणि त्यात थोडी नीळ टाकायचे, तुमच्या आजीला विचारा. नीळ कशाला? तर निळा हा पिवळ्याच्या विरुद्ध रंग. चिमूटभर पडली की चुन्याचा पिवळटपणा दबतो आणि भिंत जास्त पांढरी वाटते. पांढऱ्या शर्टाला नीळ देतात, तेच लॉजिक. ही नीळ म्हणजे अल्ट्रामरीन, ती चुन्यात टिकते. प्रशियन ब्लू नावाचा दुसरा निळा चुन्यात टिकत नाही, त्याचा निळेपणाच जातो.

अल्ट्रामरीन पूर्वी लाजवर्द नावाच्या दगडापासून बनायचा आणि हा दगड यायचा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रांमध्ये हाच निळा आहे. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी आपल्या मराठवाड्यात भिंत निळी करायला लोकांनी एवढ्या लांबून दगड आणला! पुढं 1820 च्या दशकात फ्रान्समध्ये हा रंग कृत्रिमरीत्या बनवायची रीत सापडली आणि तो स्वस्त झाला. आपल्या आजीच्या पुडीत आला तो हा.

आता कामाचं. पहिली गोष्ट, "निळ्या रंगानं खोली थंड राहते" हे अर्धंच खरं. डोळ्याला थंड वाटतं, पण आतल्या भिंतीच्या रंगानं टेंपरेचर कमी होत नाही. मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर जातो, ते ऊन पडतं स्लॅबवर. म्हणून बजेट कमी असेल तर आधी गच्चीला पांढरा कोट द्या. भिंती नंतर.

दुसरी गोष्ट, मोबाईलवर बघून शेड फायनल करू नका. स्क्रीन स्वतः उजेड टाकते, भिंत मिळालेला उजेड परत फेकते. हेक्स कोड तोच असला तरी भिंतीवर रंग वेगळा दिसणारच. पश्चिमेची खिडकी असेल तर संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात फिका निळा मळकट वाटतो. उत्तरेच्या खिडकीचा उजेड मुळातच निळसर, तिथं आस्मानी आणखी गार वाटतो. बल्बचंही तसंच. 6500 केल्विनचा पांढरा एलईडी आणि 3000 केल्विनचा पिवळसर एलईडी, दोन्हींखाली एकच भिंत वेगळी दिसते. त्यामुळं छोटा डबा आणा, दोन बाय दोन फुटाचा पट्टा मारा, वाळू द्या आणि सकाळ, दुपार, रात्र तिन्ही वेळा बघा.

तिसरी, गडद निळा उजेड पितो. लहान खोलीत नेव्ही ब्लू चारही भिंतींना दिला की दिवसा लाईट लावून बसावं लागेल. एकच भिंत गडद करा, बाकी क्रीम ठेवा. लाकडी फर्निचर असेल तर मोरपंखी भारी दिसतो.

आता जी गोष्ट कोणत्याच इंटिरियरवाल्या रीलमध्ये सांगत नाहीत ती. मी निळा म्हटल्यावर ओळखीतले एक काका हळूच म्हणाले, "निळा? लोक काय समजतील?" काय म्हणायचंय ते आपल्या सगळ्यांना कळतं. 1942 साली बाबासाहेबांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन काढलं, त्याचा झेंडा निळा होता. तेव्हापासून आपल्याकडं हा रंग स्वाभिमानाचा आहे. आणि त्याच कारणानं काही लोक तो भिंतीवर लावायला कचरतात. शर्ट निळा चालतो, जीन्स चालते, कंपनीचा लोगो चालतो, घर मात्र नको! गंमत म्हणजे त्याच काकांच्या घरी चुन्यात नीळ पडायचीच.

मी त्यांना एवढंच म्हणालो, "काका, लोकांनी समजायचं ते समजू द्या. समजले तर मला आनंदच आहे." ते काही बोलले नाहीत, चहा पिऊन गेले. आई मात्र त्या रात्री म्हणाली, "खिडकीसमोरचीच भिंत निळी कर, रस्त्यावरनं दिसंल." आईला शेड कार्ड कळत नाही, पण मुद्दा बरोबर कळला होता.

तर ठरलंय असं: आधी गच्ची पांढरी, मग तीन भिंती क्रीम, आणि खिडकीसमोरची गडद निळी. उद्या पट्टा मारून बघणार. तुमच्याकडं रंगकाम निघालं असेल तर तुम्हीही आधी पट्टा मारा, आणि कुणी "लोक काय समजतील" म्हणालं तर त्यांना चहा पाजा, पण शेड बदलू नका.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!