आठ काढला, पुढे काय?



 वसई तालुक्यातल्या कितीतरी जणांनी आमचं चंदनसार गाव पहिल्यांदा पाहिलं ते परिवहन कार्यालयात लायसन्स काढायला आले तेव्हा. म्हणून दुचाकी सुरक्षेची ही परिषद इथे भरली, हे बरंच झालं. दुसरं कारण सुखाचं नाही. विरार फाटा इथून जवळ, आणि तिथे मुंबई-अहमदाबाद महामार्ग. डंपर आणि कंटेनरच्या मधून आमची पोरं रोज कामावर जातात.

२०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली जवळजवळ ७५ हजार दुचाकीवरची. हेल्मेट न घातलेले ५० हजारांवर. हेल्मेट नसेल तर तीन महिने लायसन्स निलंबित होऊ शकतं, तरी हेल्मेट आरशाला लटकलेलं असतं. हवालदार दिसला की डोक्यावर चढतं, पट्टा तेव्हाही मोकळाच.

पण मला बोलायचंय ते लायसन्सच्या परीक्षेबद्दल. २०२१ पासून शिकाऊ लायसन्सची चाचणी घरबसल्या देता येते. रांग गेली, चांगलंच झालं. उत्तरं पोराने दिली की त्याच्या ताईने, कोण बघायला बसलंय? तीस दिवसांनी तो ट्रॅकवर येतो, पाय न टेकवता आठ काढतो आणि पास होतो. संथ गाडीवर तोल सांभाळता येतो, एवढंच त्यातून कळतं. पन्नासच्या वेगात म्हैस आडवी आली तर? पुष्कळ जण नुसता मागचा ब्रेक दाबून धरतात. ‘पुढचा दाबलास तर उलटशील’ हे मोठ्या भावाने शिकवलेलं असतं. ब्रेक लागला की भार पुढच्या चाकावर येतो, गाडी थांबवण्याचं मोठं काम तेच करतं. हलकं झालेलं मागचं चाक ओल्या रस्त्यावर घसरतं. ब्रिटनमध्ये ताशी ५० किलोमीटरच्या वेगात अचानक गाडी थांबवून दाखवल्याशिवाय मोटरसायकलची परीक्षा सुटत नाही. आपल्याकडे हा धडा पहिल्या पावसात रस्ता देतो, आणि फी जबर घेतो.

ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनो, रागावू नका, पण दुचाकी शिकवतात भाऊ नाहीतर काका. तुमच्याकडे बहुधा कागदपत्रंच येतात. ब्रेक आणि वळण शिकवणारा वर्ग सुरू करा, जागेचं आम्ही बघू. आणि पालकहो, अल्पवयीन मुलाला चावी दिलीत आणि त्याच्या हातून गुन्हा घडला, तर २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद तुम्हाला होऊ शकते.

चहासोबत वसईची सुकेळी ठेवली आहेत. पहिलं सत्र बाहेर मैदानावर आहे, तिथला एक पट्टा पाणी मारून ओला केलाय. ज्यांना ब्रेक लावून पाहायचा असेल त्यांनी हेल्मेट, बूट घालून यावं. चपलेवाल्यांनी दोरीच्या अलीकडे उभं राहून बघावं.