पुस्तक एका हाती, सुया दुसऱ्या हाती

धानाची कापणी उरकली की गोंदियात थंडी उतरते. विदर्भातलं सर्वात कमी तापमान अनेकदा आपल्याच जिल्ह्यात नोंदवलं जातं. लोकरीच्या सुया बाहेर निघतात त्या याच दिवसांत. पण पस्तिशी-चाळिशीत पुन्हा कॉलेजात नाव घातलेल्या ताईंना प्रश्न पडतो, स्वेटर विणायचा की अभ्यास करायचा?

पुण्यात 1909 साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन सुरू झालं. तिथे प्रौढ स्त्रिया लिहाय-वाचायला आणि शिवणकामालाही बसत. सुई आणि पाटी यांचं वैर नव्हतंच! आज यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, स्थापना 1989, रोजच्या हजेरीशिवाय पदवीची सोय करतं. घर, शेती सांभाळणाऱ्यांना हे सोयीचं. मात्र वेळेची शिस्त आपली आपणच लावायची.

विणकामाचं म्हणाल तर वीण पाहून वेळ निवडा. साधी सुलट-उलट वीण हातांना पाठ असते. व्याख्यानाचं रेकॉर्डिंग ऐकताना, किंवा सालेकसा-आमगावहून गोंदियाला येताना गाडीत बसायला जागा मिळाली तर, ती खुशाल चालू द्या. जाळीची नक्षी मात्र टाके मोजायला लावते. मोजणी आणि अर्थशास्त्र एकत्र जमत नाही, दोन्हीकडे चुका होतात. ती नक्षी परीक्षेनंतरच काढा. आणि उठताना ओळ पूर्ण करून तिचा क्रमांक वहीच्या मागच्या पानावर टिपा. अर्ध्या ओळीत सोडलेली वीण आठवडाभराने हाती घेतली, तर निम्मा वेळ उसवण्यातच जातो.