आयर्लंडचा फुटबॉल आणि दुसऱ्या संधीचा प्रश्न



आजचा विषय खेळाचा आहे, आणि खेळही सातासमुद्रापलीकडच्या आयर्लंडचा. ज्या देशाच्या चळवळीतला ‘होमरूल’ हा शब्द लोकमान्यांनी १९१६ साली आपल्या संघासाठी घेतला, त्या देशाची आपली ओळख राजकारणातून आहे. तेथे गेली पंचवीस वर्षे एक वाद चालू आहे, तो गेलिक फुटबॉलच्या अजिंक्यपद स्पर्धेची रचना कशी असावी याबद्दल. आम्ही तो आवर्जून वाचीत आलो, कारण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न कामगार संघटनेत वाढलेल्या माणसाच्या ओळखीचा आहे. दुबळ्याला संधी किती वेळा द्यायची, आणि ते ठरवायचे कोणी?

प्रथम खेळ समजून घेऊ. पंधरा-पंधरा गड्यांचे दोन संघ. चेंडू पायाने मारतात, तसा हातातही घेतात. जाळ्यात गेला तर तीन गुण, आडव्या दांडीवरून गेला तर एक. २०२५ पासून लांबून मारलेल्या फटक्याला दोन. या खेळाची संस्था, गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी काउंटीतील थर्लस या गावी स्थापन झाली. तिचा प्रवर्तक मायकेल क्युसॅक हा एक शिक्षक होता. संघ काउंटीचा, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्याचा. खेळाडूला पगार नाही. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर ८२ हजार लोकांपुढे अंतिम सामना खेळणारा गडीही पोटासाठी दुसरेच काम करीत असतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढचा सारा विचार तिच्यावर उभा आहे.

पहिली स्पर्धा १८८७ साली झाली. पुढच्याच वर्षापासून ती प्रांतवार झाली. प्रांत चार, पण सारखे नव्हेत. लेन्स्टरमध्ये बारा काउंट्या, अल्स्टरमध्ये नऊ, मन्स्टरमध्ये सहा, कॉनॉटमध्ये पाच. प्रांतात जिंकणारा पुढे जाई आणि हरणारा घरी जाई. ही बाद पद्धत २००० सालापर्यंत चालली. हिवाळाभर काम सांभाळून, चिखलात सराव करायचा आणि सत्तर मिनिटांच्या एका सामन्यात वर्षाचा निकाल लागायचा, हे लहान काउंटीच्या खेळाडूचे नशीब होते.

आणि हे नशीब जन्माने ठरत असे. मन्स्टरमध्ये जन्मलात तर समोर केरी आणि कॉर्क. १९३६ ते २०२५ या काळात त्या प्रांताचे अजिंक्यपद या दोघांबाहेर दोनदाच गेले. १९९२ साली क्लेअरकडे आणि २०२० साली टिपरेरीकडे. २०२२ च्या खानेसुमारीत डब्लिनची वस्ती साडेचौदा लाखांच्या घरात, तर लीट्रिमची पस्तीस हजारांच्या. डब्लिनने २०१५ पासून २०२० पर्यंत ओळीने सहा वेळा अखिल आयर्लंड चषक नेला, यात नवल ते काय!

२००१ साली प्रांतात हरलेल्यांसाठी मागचे दार उघडले. त्या दारातून पहिल्याच वर्षी कोण आले? प्रांतात हरलेले गॉल्वे, आणि त्यांनी चषकच जिंकला. गॉल्वे काही दुबळी काउंटी नव्हे. म्हणजे दुसरी संधी सर्वांना दिली, तरी तिचा मोठा वाटा बलवानच उचलतो. उपाय नुसता दार उघडण्यात नाही, हे तेव्हाच दिसले.

पुढे २०२१ च्या ऑक्टोबरात एक धाडसी योजना विशेष अधिवेशनापुढे आली. प्रांतिक स्पर्धा वसंतात स्वतंत्र खेळवावी आणि उन्हाळ्यात बळानुसार पाडलेल्या चार श्रेणींच्या लीगमधून अजिंक्यपदाचा मार्ग काढावा, अशी ती योजना. खेळाडूंच्या संघटनेचा तिला पाठिंबा होता. मते पडली शेकडा ५०.६, हवी होती ६०. योजना पडली. नियम बदलायला साध्या बहुमताहून अधिक मते लागावीत, यात आम्हांला अन्याय दिसत नाही. घटना रोज बदलू नये. पण जो घाम गाळतो त्याचे मत प्रतिनिधींच्या टेबलापर्यंत पोचेतो निम्मे होत असेल, तर तो दोष टक्क्यांचा नाही, प्रतिनिधित्वाचा आहे.

२०२३ साली सोळा संघांची साखळी आली. चोवीस सामने खेळून बाद झाले अवघे चार संघ! बाद पद्धतीत एका चुकीला फाशी होती. येथे शिक्षाच उरली नाही, म्हणून चुरसही उरली नाही. अखेर फेब्रुवारी २०२५ च्या अधिवेशनाने साखळी मोडून २०२६ पासून नवी रचना ठरवली. उपांत्यपूर्व फेरीपर्यंत दोनदा हरल्याखेरीज कोणी बाद नाही. हा मध्यम मार्ग आम्हांला पटतो.

खालच्या संघांसाठी २०२२ पासून टॅल्टन चषक आहे. ‘दुय्यम दर्जाचा’ म्हणून काहींनी नाक मुरडले. आमचे मत वेगळे आहे. वर्गवारी अपमानास्पद होते ती वर जायला जिना नसला तर. टॅल्टन चषक जिंकणाऱ्याला पुढच्या वर्षी मुख्य स्पर्धेत जागा मिळते. जिना आहे, तो रुंद करा, एवढेच आमचे म्हणणे.

मग प्रांत मोडावेत काय? मुळीच नाही. २०२५ साली लाउथ काउंटीने १९५७ नंतर प्रथमच लेन्स्टरचे अजिंक्यपद मिळवले. अडुसष्ट वर्षे! शेजाऱ्याला हरवल्याचा असा आनंद कोणत्याही तक्त्यात बसत नाही. प्रांताचा मान प्रांताला राहू द्यावा. मात्र देशाच्या स्पर्धेतील जागा जन्मस्थानाने नव्हे, खेळाने ठरावी. जो वेतनाशिवाय खेळतो त्याला देण्याजोगी मजुरी एकच आहे, ती म्हणजे न्याय्य सामना.