पक्के दात बसवायचे आहेत? आधी हे ऐका

 

चोपडा तालुक्यात मी बरीच वर्षं आरोग्यसेविका म्हणून काम केलं. आता निवृत्त आहे. तुमच्यापैकी कित्येकींच्या लेकरांना मी लस टोचली असेल. आज मात्र लसीवर किंवा बाळंतपणावर बोलणार नाही. आज दातांवर बोलायचं आहे, आणि तेही माझ्याच तोंडातल्या.

आमच्या घरात आजी, आई, काकू सगळ्या मिसरी लावायच्या. मलाही लहानपणीच सवय लागली. नोकरीला लागले, गावोगाव स्वच्छतेवर बोलले, पण सकाळी बोटावर मिसरी होतीच. हिरड्यांतून रक्त यायचं, तिकडे लक्ष दिलं नाही. दात हलला की काढून टाकायचा, एवढाच उपाय माहीत. असं करत करत एकोणसाठाव्या वर्षी तोंडात एकही दात उरला नाही.

मग कवळी केली. वरची कवळी बरी बसली, कारण टाळूला चिकटून राहते. खालची मात्र बोलताना, खाताना उचलायची. ठेच्यातलं मिरचीचं बी तिच्याखाली गेलं की डोळ्यांतून पाणी. भाकरी दुधात कुस्करून खायची. शेंगदाणे, हरभरे, पेरू, मक्याचं कणीस सगळं बंद झालं. अखाजीला लेकी माहेरी आल्या, सगळ्या मिळून जेवायला बसल्या, आणि मी म्हणाले, तुम्ही जेवा, मी मागून जेवते. कवळी घसरलेली कोणी पाहू नये म्हणून. त्या दिवशी मोठी लेक म्हणाली, "आई, तू किती वाळली आहेस गं."

घरात विषय निघाला की पक्के दात बसवता येतात. तर जाऊबाई म्हणाल्या, "आते या वयमा दात कसाले?" घरच्या माणसांचंही तेच मत. मी काही बोलले नाही. पण मनात आलं, ट्रॅक्टरचा हप्ता, पोराची गाडी, बोअरचा खर्च यांना कोणी 'कशाला' म्हणत नाही. घरातल्या बाईनं नीट चावून खावं, याला मात्र 'कशाला' म्हणतात. बायांनो, चावणं ही चैन नाही. चावता आलं नाही की बाई डाळ, शेंगा, कच्ची भाजी, फळं सोडते. चहा-बिस्कीट, भात, पातळ खिचडी एवढ्यावर येते. मग अशक्तपणा येतो, शुगर वाढते, आणि चारचौघांत बसणं सुटतं.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की दातांवर खर्च करायचा विचार तुमच्या मनात आला तर लाजू नका. आणि दुसरी गोष्ट, जी मी आज मुद्दाम सांगायला आले आहे, ती ही की घाई करू नका. दातांशिवाय इतकी वर्षं काढली, अजून चार महिने चौकशीत गेले तर काही बिघडत नाही. घाईत पैसा जातो आणि हाडही जातं.

हे पक्के दात म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. त्याला इम्प्लांट म्हणतात. जबड्याच्या हाडात टायटॅनियम धातूचा लहान स्क्रू बसवतात. तो दाताच्या मुळाचं काम करतो. एकेका दाताला एकेक स्क्रू लागत नाही. सगळे दात गेले असतील तर एका जबड्याला बहुधा चार ते सहा स्क्रू बसवतात, कधी जास्त, आणि त्यांच्यावर सगळ्या दातांची एकच पट्टी घट्ट बसवतात. ती आपल्याला काढता येत नाही, डॉक्टरच काढू शकतात.

ही युक्ती सापडली ती एका अडचणीतून. स्वीडन देशातले डॉक्टर ब्रॉनेमार्क १९५२ साली सशाच्या हाडात रक्त कसं फिरतं याचा अभ्यास करत होते. त्यासाठी हाडात टायटॅनियमची बारीक नळी बसवली होती. काम झाल्यावर ती काढायला गेले, तर निघेना. हाडानं तिला धरून ठेवलं होतं. त्यातून त्यांना कल्पना सुचली. १९६५ साली यॉस्ता लार्सन नावाच्या माणसाच्या खालच्या जबड्यात त्यांनी असे स्क्रू बसवले. त्याच्या जबड्यात जन्मापासून व्यंग होतं. २००६ साली तो वारला, तोवर चाळीस वर्षं ते स्क्रू टिकले होते.

यातली कळीची गोष्ट लक्षात घ्या. स्क्रू फिरवून घट्ट केला म्हणून तो पक्का होत नाही. हाड त्याच्याभोवती वाढतं, त्याला धरतं, तेव्हा तो पक्का होतो. कुंपणाचा खांब रोवला की माती बसेपर्यंत आपण त्याला तार ओढत नाही, तसंच हे. हाडाला साधारण तीन ते सहा महिने लागतात. खालच्या जबड्याचं हाड टणक, तिथे लवकर होतं. वरचं हाड ठिसूळ, तिथे वेळ जास्त.

आता तुम्ही पाट्या पाहता, 'तीन दिवसांत पक्के दात'. ते सगळंच खोटं आहे असं नाही. हाड चांगलं असेल आणि स्क्रू घट्ट बसले असतील, तर डॉक्टर लगेच तात्पुरते दात लावू शकतात. पण ते तात्पुरतेच. आतलं हाड आपल्या गतीनंच भरतं, आणि तोवर मऊच खावं लागतं. तिसऱ्या दिवशी दात लागले म्हणून चौथ्या दिवशी भाकरी चावली, तर स्क्रू हलतो आणि सगळं वाया जातं.

मी पहिल्यांदा ज्या ठिकाणी गेले, तिथे माझं तोंड पाच मिनिटं पाहिलं आणि सांगितलं, आज अर्धे पैसे भरले तर सूट मिळेल, उद्या नाही. शुगर आहे का, हेही विचारलं नाही. मी पर्स बंद केली आणि घरी आले. ज्या कामाला सहा महिने लागतात, त्याचा निर्णय आजच्या आज कशाला?

मग दुसरीकडे गेले. तिथल्या डॉक्टर बाईंनी आधी जीभ, गाल, टाळू सगळं तपासलं. तंबाखू, मिसरी, गुटखा यांची सवय असलेल्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं असं काही आहे का, हे आधी पाहावं लागतं. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल तर दातांचा विषय बाजूला ठेवून आधी तीच दाखवायची. मग त्यांनी जबड्याचा थ्री-डी स्कॅन काढला. दात गेल्यावर त्या जागचं हाड झिजत जातं, पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त. किती हाड उरलं आहे, खालची नस कुठून जाते, वरची नाकाजवळची पोकळी किती जवळ आहे, हे स्कॅनशिवाय नीट कळत नाही. हाड फारच कमी असेल तर हाडाची भर घालावी लागते, म्हणजे खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात.

माझी तीन महिन्यांची सरासरी शुगर नऊच्या वर निघाली. डॉक्टर बाई म्हणाल्या, "ताई, आत्ता स्क्रू बसवला तर जखम भरणार नाही. आधी शुगर आणा, मिसरी सोडा, मग या." राग आला, पण खरं होतं. तंबाखूनं हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि स्क्रू निकामी होण्याचा धोका वाढतो. मिसरी सोडायला मला जड गेलं. सकाळी हात आपोआप डबीकडे जायचा. पाच महिन्यांनी शुगर सातच्या जवळ आली, तेव्हा काम सुरू झालं.

खाली चार, वर सहा स्क्रू बसले. भूल दिल्यामुळे दुखलं नाही, नुसती थरथर जाणवत होती. चार-पाच दिवस गाल सुजला. बाहेरून बर्फ, आत खिचडी, कढी-भात, केळी. डॉक्टर बाईंनी बजावलं होतं, भूल उतरल्यावरही खालचा ओठ बधिर राहिला तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता फोन करा, कारण नसेवर दाब आलेला असू शकतो. मधल्या महिन्यांत जुनी कवळीच आतून मऊ करून वापरली. शेवटचे दात लागले तोवर पहिल्या तपासणीला वर्ष होत आलं होतं.

आता पैशांचं. दोन ठिकाणी विचारलं, तर दोन आकड्यांत दीड लाखाचा फरक निघाला. दोन्ही जबड्यांचं काम लाखांतच जातं. माझ्या निवृत्तीच्या पैशांतून मी केलं, म्हणून जमलं. कर्ज काढून, शेत गहाण ठेवून, पोत मोडून हे करा असं मी कुणालाही सांगणार नाही. कारण मधला रस्ताही आहे.

आमच्या गटातल्या एका ताईंनी खालच्या जबड्यात फक्त दोन स्क्रू बसवले आणि कवळी त्यांच्यावर बटणासारखी टच् करून बसते. रात्री काढायची, धुवायची, सकाळी लावायची. कवळी उचलत नाही, खर्च कितीतरी कमी. २००२ साली कॅनडात जमलेल्या दंततज्ज्ञांनीही म्हटलं होतं की सगळे दात गेलेल्या खालच्या जबड्याला साध्या कवळीऐवजी दोन स्क्रूंवरची कवळी हा पहिला पर्याय असावा. त्या ताई माझ्या पंगतीला बसून माझ्याइतकीच भाकरी खातात.

आणि तेवढेही पैसे नसतील, तर नीट मापानं केलेली साधी कवळीही वाईट नाही. जुनी कवळी सैल झाली असेल तर आतून भरून घेता येते. २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत साठ वर्षांपुढच्या गरीब ज्येष्ठांना काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांच्यासोबत कवळीचाही समावेश आहे. शिबिर कधी आहे, हे ग्रामपंचायतीत विचारत राहा. धुळ्याला दंत महाविद्यालय आहे, छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. खेपा जास्त होतात, पण खर्च बहुधा कमी येतो.

दवाखान्यात जाल तेव्हा हे प्रश्न कागदावर लिहून न्या. माझ्या हाडाचा स्कॅन काढणार का? किती स्क्रू आणि कोणत्या कंपनीचे? सांगितलेल्या रकमेत तात्पुरते दात, शेवटचे दात, औषधं, पुढच्या तपासण्या सगळं आलं का? स्क्रू निघाला तर पुन्हा कोण बसवणार आणि कोणाच्या खर्चानं? हे सगळं लेखी मागा. स्क्रूच्या पाकिटावरचा स्टिकर आपल्या फाईलला लावून घ्या. उद्या डॉक्टर बदलले तरी दुरुस्ती करणाऱ्याला तो लागतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हाडं मजबूत करायची इंजेक्शनं किंवा गोळ्या, पूर्वी जबड्याला दिलेला शेक, काहीही लपवू नका. आणि गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका.

शेवटी, दात पक्के बसले म्हणजे काळजी संपली असं नाही. स्क्रूला कीड लागत नाही, पण त्याच्याभोवतीची हिरडी सुजते, हाड झिजतं. पट्टीखाली अन्न अडकतं, ते रोज रात्री बारीक ब्रशनं काढावंच लागतं. वर्षातून एक-दोनदा दाखवायला जावं लागतं. रक्त, पू, वास किंवा हालचाल जाणवली तर थांबू नका. आणखी एक. खऱ्या दाताला जोर किती लागतोय ते कळतं, स्क्रूला तेवढं कळत नाही. म्हणून सुपारी फोडणं, ऊस सोलणं, बाटलीचं झाकण उघडणं हे उद्योग करायचे नाहीत.

शेवटचे दात लागल्यानंतरच्या अखाजीला लेकी आल्या. मी त्यांच्याबरोबर पहिल्याच पंगतीला बसले. दादरची भाकरी, वर शेंगदाण्याची चटणी. जाऊबाई माझ्याकडे पाहत होत्या. जेवण झाल्यावर हळूच म्हणाल्या, "मलाबी तुझ्या डॉक्टरकडे एकदा दाखवून आण." मी म्हणाले, "आणते. पण आधी मिसरीची डबी माझ्या हातात दे."

तुमच्या पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की एक काम करा. कोणाला चावता येत नाही, हे एकमेकींना विचारा. आपणहून कोणी सांगणार नाही, मीही सांगितलं नव्हतं. आणि जिला गरज आहे, तिच्यासोबत दवाखान्यात दुसरी एक जण जाऊ द्या. एकटी बाई घाबरून हो म्हणते. दोघी असल्या की प्रश्न विचारले जातात.

येते आता. नमस्कार.